वीज येऊन-जाऊन झाल्यावर डेबियन सर्व्हर ‘ग्रब रेस्क्यू’वर थांबतो. फॉरमॅट न करता कसा सुरू करायचा?

फॉरमॅट करू नका. (ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर डेबियन लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम.) बूट आपोआप दुरुस्त करणारं एखादं टूलही एवढ्यात चालवू नका. तुम्ही लिहिलंय ते असं: फोंड्याचं दुकान, जुन्या डेस्कटॉपवर बिलिंगचा डेबियन १२, आत एक एसएसडी, आणि आधीच्या सर्व्हरची हार्डडिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) करून यूएसबी केसिंगमधून बॅकअपसाठी कायमची लावलेली. पावसात वीज सारखी गेली-आली आणि आता ‘एरर: अननोन फाइलसिस्टम. एंटरिंग रेस्क्यू मोड’. एसएसडीपेक्षा मला त्या यूएसबी डिस्कचाच संशय जास्त आहे.

कारण सांगतो. डिस्क नव्याने फॉरमॅट केली म्हणून तिच्यावरचा जुना ग्रब जात नाही. ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या सुरुवातीच्या ४४६ बाइट्समध्ये असतो. दुसरा, म्हणजे कोअर इमेज (ग्रबचा मुख्य गाभा), पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत. फॉरमॅट फक्त पार्टिशनच्या आत चालतो, या दोन्ही जागांना तो हात लावत नाही. त्यामुळे मदरबोर्डने चुकून यूएसबीवरून बूट केलं, तर जुना ग्रब जागा होतो, आपली फाइलसिस्टम शोधतो, समोर एनटीएफएस दिसतं आणि नेमका हाच मेसेज येतो. तुमच्या एसएसडीला यात कोणी विचारलेलंच नसतं.

आणि बूटचा क्रम अचानक का बदलला? जुन्या मशीनवर बहुतेक वेळा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. प्लगमध्ये वीज असेपर्यंत ते कळत नाही. पुरवठा पूर्ण तुटला की बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर जातात. म्हणून यूएसबी डिस्क काढा, मशीन चालू करून डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. वर्ष मागे गेलं असेल तर सेल बदला. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, नवा साधारण ३ व्होल्ट दाखवतो. मग एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणा. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवर आहे का आणि बूट मोड, म्हणजे लेगसी (जुनी पद्धत) किंवा यूईएफआय (नवी), पूर्वी होता तोच आहे का, हेही तिथेच बघून घ्या. लेगसीत बसवलेला डेबियन यूईएफआय मोडमध्ये दिसतच नाही, तसंच उलटंही.

एवढ्यावर सर्व्हर उठला तर ग्रब पुन्हा बसवायची गरज नाही. फक्त यूएसबी डिस्क परत लावून तिच्यावरचा जुना कोड पुसा. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमन लहान अक्षरांतच करायच्या.) आधी ‘एलएसबीएलके -एफ’ने ती डिस्क नक्की कोणती ते पक्कं करा. ती एसडीबी असेल तर:

डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=४४६ काउंट=१

४४६च, ५१२ नाही. ५१२ लिहिलं तर त्याच सेक्टरमधलं पार्टिशन टेबलही जाईल आणि बॅकअप गायब झालेला दिसेल.

यूएसबी काढूनही तोच प्रॉम्प्ट येत असेल तर तिथेच ‘एलएस’ टाइप करा. (एचडी०) (एचडी०,एमएसडॉस१) असं काही आलं तर डिस्क आणि पार्टिशन टेबल ग्रबला दिसतंय. आता प्रत्येक पार्टिशन उघडून बघा: ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस१)/’. शेवटचा स्लॅश विसरू नका. एखाद्यावर ‘अननोन फाइलसिस्टम’ आलं म्हणून घाबरू नका. रेस्क्यूमध्ये फक्त कोअर इमेजमधले मॉड्यूल (ग्रबचे छोटे जोडभाग) असतात, स्वॅप किंवा फॅट त्याला ओळखता येत नाही. जिथे बूट, ईटीसी, होम दिसतील ते तुमचं. मग ओळीने:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस१)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस१)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर प्रीफिक्समध्ये फक्त ‘/ग्रब’ येईल. इथे बरेच जण अडतात. नेहमीचा मेनू आला की सिस्टिम चालू करा आणि लगेच रूट (अॅडमिन) होऊन ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. एसडीए म्हणजे पूर्ण डिस्क, एसडीए१ नव्हे. या चार ओळी फक्त त्या बूटपुरत्या असतात.

प्रॉम्प्टमध्ये ‘रेस्क्यू’ शब्द नसून नुसतं ‘ग्रब>’ असेल तर काम आणखी सोपं. ‘कॉन्फिगफाइल’ लिहून पुढे पार्टिशनसकट /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी द्या, मेनू येईल.

‘इन्समॉड’वर ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ आलं तर कोअर इमेज जुनी आणि डिस्कवरचे मॉड्यूल नवे, अशी गाठ पडलेली आहे. २०२० च्या जुलैअखेर बूटहोलचे (ग्रबमधल्या त्रुटीचे) सुरक्षा अपडेट आले तेव्हा अनेकांचे सर्व्हर याच कारणाने बसले होते: पॅकेजने ग्रब भलत्याच डिस्कवर लिहिला होता. अशा वेळी रेस्क्यूमधून काही होत नाही, पेन ड्राइव्ह लागतो.

डेबियनच्या नेटइन्स्ट (छोट्या इन्स्टॉलर) इमेजमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली रेस्क्यू मोड असतो, तो रूट पार्टिशन विचारतो आणि ग्रब पुन्हा बसवायचा पर्यायही देतो. नवख्याने हाच वापरावा. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून हाताने करायचं असेल तर:

माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी
माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
(हेच प्रॉक, सिस आणि रनसाठी)
सीएचरूट /एमएनटी
ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
अपडेट-ग्रब

माउंट करण्याआधी ‘एफएससीके.ईएक्सटी४ -एन’ चालवा. ते काही लिहीत नाही, फक्त काय बिघडलंय ते सांगतं. एलव्हीएम (डिस्कची जागा आभासी भागांत वाटणारी पद्धत) असेल तर आधी ‘व्हीजीचेंज -एवाय’.

मशीन यूईएफआयवर असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच बूट झालेला हवा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का बघा. ती नसेल तर ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ अशी तक्रार येईल आणि बूटची नोंद होणार नाही. सीएचरूटच्या आधी ईएसपी, म्हणजे फॅट३२चं छोटं पार्टिशन, /एमएनटी/बूट/ईएफआयवर चढवा. फॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, वीज गेल्यावर ते आधी खराब होतं, म्हणून माउंटपूर्वी ‘एफएससीके.फॅट -ए’.

‘एलएस’ने फक्त (एचडी०) दाखवलं, एकही पार्टिशन नाही, तर पार्टिशन टेबल गेलेलं असू शकतं. काहीच दाखवलं नाही, तर साटा केबल काढून घट्ट बसवा. आपल्याकडच्या दमट हवेत संपर्कांवर गंज चढतो, नवी केबल लावून बघणं सगळ्यांत स्वस्त. दोन्ही प्रकारांत पेन ड्राइव्हवरून ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ बघा. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टर वाढलेले दिसले तर दुरुस्ती थांबवा आणि आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या. मरत्या डिस्कवर एफएससीके चालवून उरलंसुरलं घालवू नका.

सर्व्हर सुरू झाल्यावर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) त्या यूएसबी डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ घाला. नाहीतर डिस्क काढलेली असली की सिस्टिमडी (डेबियनचा बाकीचा भाग सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल आणि तुम्ही पुन्हा ग्रबला दोष द्याल. सर्व्हर इन्व्हर्टरवर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे ना, तेही बघा. साध्या मोडमध्ये बदली हळू होते, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पावसाळ्यात बायोसमधलं ‘वीज आली की आपोआप चालू’ हे मी बंदच ठेवायला सांगेन: पाच मिनिटांत वीज पुन्हा गेली की अर्धवट बूटमध्येच मशीन सापडतं.

यूएसबी काढूनही अडलंच, तर ‘एलएस’चं पूर्ण उत्तर आणि मशीन लेगसीवर आहे की यूईएफआयवर, एवढं प्रश्नात जोडा.