वावरातल्या दगडी शंखात स्फटिक निघाले, ॲसिडनं धुऊन विकले तर किती मिळतील?

विहिरीच्या मलब्यात दगडाचे शंख-शिंपले निघाले, एक फुटला तर आत चमचमते खडे, असं तुम्ही लिहिलंय. भावाचं नंतर बोलू. ‘ॲसिड’ वाचलं म्हणून उत्तर लिहितोय.

आधी लोखंडी खिळा घ्या आणि कडेचा एखादा बारका खडा ओरबाडून पाहा. ओरखडा उठला तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. खिळाच झिजून करडी रेघ उमटली तर क्वार्ट्ज, म्हणजे गारगोटीच्या जातीचं. १ ते १० च्या मोज पट्टीवर कॅल्साइटची कठीणता ३, क्वार्ट्जची ७. आपल्याकडे दोन्ही निघतात, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

आमच्या भागातल्या एका दगडविक्रेत्याशी माझा यावरून जुना वाद आहे. फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये घाला, चकाकी येते, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोक सांगतो. येते, पण फक्त क्वार्ट्जवर. तिथे ॲसिड वरची चुन्याची पांढरी साय खातं आणि स्फटिक उघडा पडतो. कॅल्साइट हा स्वतःच चुना. तिथे फेस येतो तो स्फटिक विरघळल्याचा. काही मिनिटांत टोकं बोथट, पैलू खरबरीत, आणि गेलेलं परत येत नाही. लिंबू, व्हिनेगर यांनीही तेच होतं, सावकाश. गंज काढायला लोक ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. क्वार्ट्जला ते चालतं, कॅल्साइटवर मात्र पांढरं पुट बसतं. कॅल्साइटला साधं पाणी, जुना टूथब्रश आणि बांबूची काडी, बस.

आता हे स्फटिक शंखात आले कसे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इथे गोड्या पाण्याची तळी होती. नागपूरजवळच्या टाकळीतून मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात गोळा केलेले जीवाश्म त्याच तळ्यांच्या गाळातले. शंखातला प्राणी कुजला, गाळ आत अर्धवटच शिरला, पोकळी उरली. मग झिरपणाऱ्या पाण्यानं आसपासचा चुना, शिंपल्याचासुद्धा, विरघळवून आणला. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्साइट भिंतीवर जमतं. बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, कुजून सुटलेली सिलिका (क्वार्ट्ज जिचं बनतं ती) आली तर आधी कॅल्सेडनीचा, म्हणजे क्वार्ट्जच्याच अगदी बारीक कणांचा, गुळगुळीत थर, त्यावर क्वार्ट्ज. टोकं नेहमी पोकळीकडे, कारण वाढायला जागा तिकडेच.

उरलेले हातोड्यानं फोडू नका. पोकळ आहे का ते वजनावर कळतं. शंख रात्रभर भिजवून, पुसून तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि शंख दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. २६० ग्रॅमच्या शंखाला ११८ आला तर २.२, आत पोकळी असू शकते. २.६ च्या वर असेल तर भरीव, कापून उपयोग नाही. मातीनं भरलेलाही हलका येतो, त्यामुळे खात्री मात्र कापल्यावरच.

कापायला टाइल बसवणाऱ्याचं डायमंड पातं लावलेलं कटर चालतं, पण पाण्याची धार सतत हवी. कोरडं कापलं तर पातं तापतं आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. शंख टोकापासून तोंडापर्यंत उभा कापा, म्हणजे सगळे कप्पे दिसतात. शिंपला दोन झाकणांच्या सांध्यावर.

भाव म्हणाल तर फ्लोरिडातल्या फोर्ट ड्रमचे मधाळ रंगाच्या कॅल्साइटचे शिंपले जगभर विकले जातात, त्यांच्या किमती पाहून हिशेब मांडू नका. तिथले स्फटिक मोठे आणि सुटे असतात. आपल्याकडचे बहुधा बारीक. अखंड शंख, आजूबाजूच्या खडकासकट आणि गावाच्या, थराच्या नोंदीसह, याला जाणकार विचारतात.

एक राहिलं. आत क्वार्ट्ज असलं तरी शंखाचं कवच चुन्याचं असू शकतं. ॲसिड वापरायचंच असेल तर आधी कवचावर एक थेंब टाकून बघा. फेस आला तर तो शंख ॲसिडमध्ये घालू नका, कवच गळून पडेल.