एचआयव्ही असलेला भाऊ टीबीच्या गोळ्या चुकवतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला एचआयव्ही आहे, टीबीची औषधं सुरू होऊन सहा आठवडे झालेत, ताप-खोकला गेलाय आणि आता तो आठवड्यातून दोन-तीनदा गोळ्या चुकवतो. विचारलं की चिडतो. त्याला रागावण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: नेमकी कोणती गोळी, कोणत्या वेळची आणि कशामुळे चुकते? उपाय त्यावरच ठरतो.

बरं वाटतंय म्हणून चुकत असेल, तर त्याला कारण सांगा. झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून ताप उतरतो आणि भूक लागते. मागे राहतात ते सुस्त जंतू. त्यांच्यासाठीच औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो: २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, मग ४ महिने किमान पहिली दोन. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते, त्यामुळे उरलेल्या जंतूंना दाबून ठेवायला शरीराची साथ कमी पडते. अशा रुग्णांनी दिवसाआड गोळ्या घेतल्या तर टीबी उलटण्याचा आणि जंतू रिफाम्पिसिनला न जुमानण्याचा धोका वाढतो. म्हणून डोस रोजच घ्यायचा.

आता एक गोळी हातात घेऊन बघा: डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ. एचआयव्हीच्या एकत्रित गोळीत हे औषध असतंच, तरी रिफाम्पिसिन चालू असताना त्याची आणखी एक सुटी गोळी १२ तासांच्या अंतराने देतात. कारण रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्राविरचा फार लवकर निचरा करतं. सुटी असल्यामुळे ही गोळी जास्तीची वाटते आणि आधी तीच सुटते. मग टीबी बरा होत असतानाच विषाणू डोकं वर काढू शकतो. ती टीबीच्या गोळ्यांच्या वेळेलाच बांधून टाका: सकाळी टीबीच्या गोळ्या आणि सुटी डोल्युटेग्राविर, रात्री एचआयव्हीची एकत्रित गोळी. अॅसिडिटीची औषधं, लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी लागते.

टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी चांगल्या लागू पडतात, पण मळमळीमुळे टाळत असेल तर थोडं खाऊन घेऊ दे. न घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. लघवी केशरी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-६ जीवनसत्त्व (पायरिडॉक्सिन) चालू आहे का ते विचारा. बचावासाठी साधारणपणे रोज १० ते २५ मिग्रॅ देतात. डोळे पिवळे होणं, उलट्या न थांबणं, नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग ओळखू न येणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणतं औषध थांबवायचं ते तिथेच ठरू दे. घरच्या घरी एखादंच औषध वगळणं सगळ्यात घातक, कारण उरलेल्या औषधांना जंतू सरावतात.

एक फसवा टप्पाही लक्षात ठेवा. एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू झाल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत कधीकधी ताप परत येतो, गाठी सुजतात. जागी झालेली प्रतिकारशक्ती टीबीवर तुटून पडते, त्याचा हा परिणाम असू शकतो. डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात. “औषधं लागू पडत नाहीत” म्हणून नेमकं तेव्हाच लोक सगळं सोडून देतात. तपासून घ्या, कारण औषधांना न जुमानणारा टीबीही असाच दिसतो. पण तोवर गोळ्या चालू ठेवा.

मला विचाराल तर चिडण्यामागे बहुतेक वेळा लपवाछपवी असते. कामाच्या ठिकाणी किंवा खोलीतल्या मित्रांसमोर पाकीट काढायचं कसं? मग डोसची वेळ तो एकटा असतो तेव्हाची ठेवा. दिवसापुरत्या गोळ्या स्ट्रिपसकट कापून साध्या डबीत द्या. आवरणातून काढून ठेवल्या तर ओल लागून खराब होतात. “घेतलीस का?” असं रोज विचारण्यापेक्षा कॅलेंडरवर त्यानेच खूण करायची असं ठरवा.

डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर लगेच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आठवला तर दुप्पट घ्यायचा नाही, नेहमीचाच घ्यायचा आणि चुकल्याची नोंद करायची. पहिल्या २ महिन्यांत सलग १४ दिवस किंवा जास्त खंड पडला तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हा निर्णय डॉक्टरांचा; तेव्हा आतापर्यंत किती डोस चुकले ते याच आठवड्यात त्यांना खरंखरं सांगा. वजनही करून घ्या, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते आणि बरं होताना वजन वाढतं.

आणि टीबीचा कोर्स संपला त्याच दिवशी ती सुटी डोल्युटेग्राविर बंद करू नका. रिफाम्पिसिनचा असर लगेच जात नाही, त्यामुळे ती पुढे २ आठवडे चालू ठेवतात.