कष्टाला किंमत उरली का?

प्रश्न : वडील वडगावात यंत्रमागावर राबले, मी उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरतो. ओव्हरटाइम करूनही भाड्याचं घर सुटत नाही. कष्टाला किंमत उरली नाही का?
– एक वाचक, खासबाग, बेळगाव

उत्तर : आहे, पण नुसते कष्ट पुरत नाहीत. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालाचा अंदाज : तळच्या घराला सरासरी उत्पन्न गाठायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या, भारतात सात. तेव्हा दोष तुमच्या मनगटाचा नव्हे. (‘राबेल त्याचं भलं’ सांगणाऱ्यांना बहुधा बापाची जमीन असते!) आधी पगाराची चिठ्ठी बघा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे; तो लागतो का? पीएफ भरला जातो का? मग ड्रॉइंग वाचायला आणि सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारं यंत्र) चालवायला शिका. आणि हो, कन्नड लिहा-वाचायलाही; सीमाप्रश्न सुटेपर्यंत सरकारी अर्ज थांबत नाहीत.