२ जीबी रॅमचा छोटा लॅपटॉप आणि लिनक्सची निवड

नाशिकरोडहून आपण विचारले आहे की, अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावर जडवलेली साठवण) असलेला ११.६ इंची लॅपटॉप विंडोज १० वर चालेनासा झाला आहे. मुक्त विद्यापीठाची पुस्तके वाचणे, मराठीत स्वाध्याय लिहिणे आणि व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे यासाठी त्यावर विंडोजऐवजी कोणते लिनक्स (मोफत संगणक प्रणाली) टाकावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते, त्यामुळे प्रणाली बदलण्याचा आपला विचार योग्यच आहे. महात्मा गांधी रोडवरच्या एखाद्या दुकानातून रॅम वाढवून घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, कारण या प्रोसेसरची कमाल मर्यादाच २ जीबी आहे.

माझे स्पष्ट मत डेबियन या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या एका तयार आवृत्तीच्या, बाजूने आहे. सर्वांत हलकी प्रणाली शोधण्याच्या नादात लोक अशी वितरणे निवडतात, ज्यांची सुरक्षा अद्यतने दोन-चार स्वयंसेवकांच्या सवडीवर अवलंबून असतात. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले असून दीर्घकालीन आधार धरून त्याला सुमारे ५ वर्षे अद्यतने मिळतात. आपला प्रोसेसर ६४ बिटचा असला, तरी अशा बहुतेक लॅपटॉपांतील यूईएफआय (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) ३२ बिटचे असते, आणि म्हणूनच अनेक वितरणांचा पेनड्राइव्ह तेथे सुरूच होत नाही व माणूस पेनड्राइव्हला दोष देत बसतो. डेबियन १२ पासून ६४ बिटच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्येच या जोडीची सोय केलेली आहे. (ज्यांच्याकडे अ‍ॅटम एन२७० सारखा निव्वळ ३२ बिटचा प्रोसेसर आहे, त्यांना डेबियन १३ टाकता येणार नाही, त्यांनी १२ वरच राहावे.)

इन्स्टॉल करताना डेस्कटॉप (पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी) म्हणून हलका एलएक्सक्यूटी निवडावा. तरीही एक गोष्ट मनाशी पक्की असावी: या लॅपटॉपवर रॅम खाणार आहे तो ब्राउझर, डेस्कटॉप नव्हे, आणि एका वेळी तीन-चार टॅबच्या पलीकडे गेल्यास कोणतेही वितरण आपल्याला वाचवू शकणार नाही. पुस्तकांच्या पीडीएफ फाइल ब्राउझरमध्ये न उघडता उतरवून घेऊन वेगळ्या वाचकात उघडाव्यात, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. ईएमएमसीवर स्वॅप विभाजन (रॅम भरल्यावर वापरायची राखीव जागा) करू नये. ती साठवण संथ असते, वारंवार लिहिण्याने झिजते, आणि ती बोर्डावरच जडवलेली असल्याने सहज बदलता येत नाही. त्याऐवजी झेडरॅम चालू करावे. त्यात रॅममधील सध्या न लागणारी माहिती रॅममध्येच संकुचित करून ठेवली जाते आणि प्रोसेसरवर थोडा भार पडत असला, तरी २ जीबीमध्ये काम करणे सुसह्य होते. निफाडचे माझे एक परिचित अशाच यंत्रावर लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये द्राक्षबागेच्या फवारण्यांची नोंद ठेवतात आणि त्यांना त्यापेक्षा अधिक काही लागत नाही.

व्हिडिओसाठी या चिपमध्ये एच.२६४ उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा आहे, परंतु व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओच्या इतर स्वरूपांसाठी नाही. त्यामुळे व्हिडिओ अडखळत असेल तर ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारे एक्स्टेन्शन घालावे आणि ७२० पिक्सेलच्या वर जाऊ नये.

मराठीसाठी लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट आणि आयबस हे टंकलेखनाचे साधन, त्याच्या एम१७एन जोडणीसह, बसवावे. सवय असल्यास इनस्क्रिप्ट, नसल्यास ध्वन्यात्मक मांडणी त्यातच मिळते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फाइल आपल्याकडे असतील, तर तो फॉन्ट नसताना त्या रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणूनच दिसतील. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घेणे श्रेयस्कर.

विंडोज पुसण्यापूर्वी आपल्या फाइल बाहेर काढून घ्याव्यात आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटल्यावर निद्रेत जाणे तपासावे. या पिढीच्या लॅपटॉपांत आवाजाची अडचण सर्वाधिक येते. स्पीकर बोललेच नाहीत, तर यूएसबीचे लहान साउंड कार्ड लावून काम भागते.