बाबांना धोक्याचा तक्ता पटेना

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे, बिडी ओढतात, बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी रंगीत तक्त्यावर नारिंगी चौकट दाखवली : दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा धोका १४ टक्के. बाबा म्हणाले, “म्हणजे ८६ टक्के पास!” त्यांना कसं पटवावं? मानेच्या सोनोग्राफीचं चित्र दाखवलं तर?

उत्तर : टक्के ऐकून अनेकांचं असंच होतं. कागदावर दहाच्या दहा ओळींत शंभर गोळे काढा आणि १४ सलग रंगवा. विखरून रंगवले तर मोजता येत नाहीत. “तुमच्यासारख्या शंभर जणांतले हे १४, त्यात तुम्ही असाल की नाही ते सांगता येत नाही,” असं म्हणा. शेजारी तसेच दुसरे शंभर काढा. स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) गोळीने धोका साधारण चौथाईने उतरतो, म्हणून इथे १० किंवा ११ रंगवा. नुसतं “चौथाईने कमी” म्हटलं तर फायदा फुगून दिसतो, आणि पुढे विश्वास उडतो.

मग डॉक्टरांकडचा तक्ता पुन्हा मागा. तो जागतिक आरोग्य संघटनेचा असेल, तर बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या भागात त्याच वयाची, त्याच बीपीची चौकट शोधा. वरचं बीपी १६०–१७९ च्या ओळीत असेल, तर खालच्या १४०–१५९ च्या ओळीवर बोट ठेवा. भीतीपेक्षा हे दोन आकड्यांमधलं अंतर जास्त काम करतं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. एक महत्त्वाचं : कोलेस्टेरॉलशिवायच्या तक्त्यात मधुमेह धरलेलाच नसतो. साखर असेल तर रक्ततपासणीवरचा तक्ता वापरायला सांगा. आधीच झटका येऊन गेला असेल, तर तक्ता लागूच होत नाही.

सोनोग्राफीच्या चित्राने फरक पडतो, पण बेताचा. स्वीडनच्या वेस्टरबॉटन भागात ३,५०० हून अधिक लोकांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना मानेच्या रक्तवाहिन्यांचं वय आणि त्यात साठलेले चरबीचे थर लाल-हिरव्या रंगांत दाखवले. दोन ते चार आठवड्यांनी नर्सने फोन केला, सहा महिन्यांनी चित्र पुन्हा पाठवलं. वर्षाने त्यांचा धोका थोडा उतरला होता, इतरांचा थोडा चढला होता. फोन वगळून नुसत्या चित्राकडून तेवढीच अपेक्षा धरू नका. निव्वळ बाबांना घाबरवण्यासाठी ही तपासणी करून घेऊ नका. अहवाल हिरवा आला, तर बिडी सोडायचं कारणच उरलं नाही असं त्यांना वाटेल.