कुत्र्याच्या पिल्लांसोबतच्या योगवर्गाला पहिल्यांदा जाताना
आसनं नीट जमतील ही आशा आधी घरीच ठेवा. भुजंगासनात मान वर केली की पिल्लू नाक चाटायला हजर! लोंबते कानातले, सैल नाड्या नकोत. दुधाचे दात सुईसारखे टोचतात. चटईवर शू होणारच, जुना टॉवेल न्या.

बुकिंगआधी मात्र आयोजकांना खोदून खोदून विचारा: पिल्लांचं वय किती, लसी झाल्यात का, झोपायला वेगळा कोपरा आहे का? पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. फोटोसाठी झोपलेलं पिल्लू उचलून हातात देणारा वर्ग मला तरी पटत नाही. इटलीने तर २०२४ मध्ये अशा वर्गांत पिल्लं आणायला बंदीच घातली. तिथे मोठी कुत्रीच चालतात. पिल्लू सारखं जांभया देतंय, ओठ चाटतंय, शेपूट पायांत घालतंय असं दिसलं तर हात मागे घ्या.