अमेरिकेत खाजगी पिकअप थांबवून टाकीतलं डिझेल खरंच तपासतात का?

हो, तपासतात. तुम्ही विचारलंय की टेक्सासमध्ये मित्राच्या शेतावर लाल डिझेलची टाकी आहे, त्यातलं थोडं स्वतःच्या पिकअपमध्ये भरलं तर कुणाला कळणार? कळतं. मी इथे एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांच्या इंधनाचा हिशेब बघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाल आणि साधं डिझेल, इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही एकच. ट्रॅक्टर, जनरेटर अशा रस्त्याबाहेरच्या कामांच्या डिझेलवर रस्त्याचा कर नसतो, आणि ते ओळखू यावं म्हणून १९९४ पासून त्यात लाल रंग मिसळतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी केंद्राचा कर गॅलनला २४.४ सेंट आणि टेक्सासचा २० सेंट. म्हणजे तीस गॅलनच्या टाकीमागे तुमचे वाचणार साधारण तेरा डॉलर. पकडले गेलात तर केंद्राचा दंड किमान १,००० डॉलर, किंवा गॅलनला १० डॉलर, यातला जो जास्त असेल तो. पुन्हा सापडलात की तो वाढत जातो. राज्याची कारवाई वेगळी.

वजनकाट्यावरची तपासणी मी जवळून पाहिली आहे. निरीक्षकाने टाकीचं झाकण उघडून पारदर्शक नळी आत सोडली, हातपंपाने थोडं डिझेल वर ओढलं आणि बाटलीत घेऊन उजेडात धरलं. दोन मिनिटांचं काम. साधं डिझेल मिसळून रंग लपेल या भ्रमात राहू नका. पाण्यात कोकमाच्या आगळाचे चार थेंब पडावेत तशी गुलाबी झाक उरतेच, आणि शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत जातो. तपासू द्यायला नकार दिलात तर त्याचाही १,००० डॉलर दंड आहे.

फक्त मोठे ट्रकच अडवतात असंही नाही. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट शहराजवळ मोटार शर्यतीच्या मैदानाबाहेर राज्याचे निरीक्षक लोकांच्या खाजगी गाड्यांच्या टाक्या बघत होते. तिथे सोयाबीन तेलावर गाडी चालवणाऱ्या एकालाही कर न भरल्याबद्दल १,००० डॉलर दंड झाला.

माझं स्पष्ट मत आहे की हा कायदा योग्य आहे. या कराचा पैसा रस्त्यांना जातो, आणि जो माणूस कर चुकवतो तो प्रामाणिक ट्रकवाल्याला भाड्यात मारतो. आपल्याकडे रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळणाऱ्यांचा धंदा कुठवर गेला ते मनमाडने पाहिलं आहे. जानेवारी २०११ मध्ये मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्यामुळे टाकीत नळी घालणाऱ्या माणसाशी हुज्जत घालणारे मला अजिबात आवडत नाहीत.

सवलती आहेत, पण ठरलेल्या. शाळेच्या बस आणि स्थानिक सरकारी गाड्यांना लाल डिझेल चालतं. शीतगृहाच्या ट्रेलरवरच्या कूलिंग युनिटची टाकी वेगळी असेल तर तिच्यातही चालतं. २०१७ च्या हार्वे चक्रीवादळानंतर टेक्सासमध्ये हा दंड काही काळ माफ केला होता, पण ती जाहीर केलेली सूट होती.

शेतीकामासाठी तुम्हाला डिझेल लागत असेल तर साधं विकत घ्या, पावत्या जपा आणि शेतात वापरलेल्या गॅलनांवरचा केंद्राचा कर प्राप्तिकराच्या विवरणपत्रासोबत परत मागा. त्यासाठी फॉर्म ४१३६ आहे.